यादीतून वगळलेला जिल्हा

(स्मृती व्याख्यानमालेत आदिलाबाद येथे दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य झाले, सीमाभाग झाला, मराठी शाळांचे भवितव्य झाले. मी आज पोलिसांच्या पैशावर बोलणार आहे. माझी सारी नोकरी लेखा खात्यात गेली, त्यामुळे मला कविता कमी आणि बिले जास्त आठवतात; एवढे आपण सांभाळून घ्या. पोलीस म्हटले की आपण लाठी, लाच आणि बंदोबस्त यांवर तासभर बोलू शकतो. पण आपल्या मंडलातले ठाणे कोणाच्या पैशावर चालते, तो पैसा किती आणि किती असायला हवा, हे कुणी विचारत नाही. विचारले तर सांगणाराही सापडत नाही.

एका यादीपासून सुरुवात करतो.

नक्षलवादाची झळ बसलेल्या जिल्ह्यांची एक यादी केंद्रीय गृह मंत्रालय ठेवते. एप्रिल 2018 मध्ये ती 126 जिल्ह्यांवरून 90 वर आणली गेली. त्या 90 मध्ये तेलंगणाचे आठ जिल्हे होते आणि आदिलाबाद त्यांपैकी एक होता. 2021 मध्ये यादी 70 वर आली, आदिलाबाद टिकला. एप्रिल 2024 मध्ये 38 जिल्हे उरले, आणि त्यांत तेलंगणाची नावे दोनच राहिली: भद्राद्री-कोत्तागुडेम आणि मुलुगु. आदिलाबाद बाहेर पडला, शेजारचे कुमुरम भीम आसिफाबाद आणि मंचेरियालही बाहेर पडले.

ही बातमी चांगलीच म्हणायची. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात उटनूर, खानापूरच्या रस्त्यांवर रात्रीची बस बंद पडलेली पाहिली आहे, त्यांना ती किती चांगली हे सांगायला नको. पण या यादीला पैसा चिकटलेला असतो. 1996 पासून 'सुरक्षाविषयक खर्च' नावाची केंद्राची योजना आहे. यादीतल्या जिल्ह्यात पोलिसांचे प्रशिक्षण, मोहिमांचा खर्च, शरण आलेल्यांचे पुनर्वसन, मृतांच्या कुटुंबांना मदत, गावकऱ्यांशी संपर्क वाढवणारे उपक्रम यांवर राज्याने आधी खर्च करायचा आणि केंद्राने तो परत द्यायचा, अशी तिची रीत. 2010 नंतर दहा राज्यांत 400 तटबंदीची ठाणी बांधायची योजना आली, तीही नक्षलग्रस्त भागासाठीच. एका ठाण्याला दोन कोटी, त्यातले 80 टक्के केंद्राचे. उंच भिंती, टेहळणीचे मनोरे, वाळूची पोती ठेवायला जागा. म्हणजे एखादा जिल्हा जितका भीतिदायक, तितका त्याच्या पोलिसांचा हात सैल. भीती ओसरली की खर्चाची एक वाट बंद होते. गावे तीच, रस्ते तेच, ठाण्यात येणारी बाईही तीच असते.

आता राज्याच्या पैशाची वाट बघू. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्य सूचीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. जबाबदारी हैदराबादची. तेलंगणाच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात 3,04,965 कोटींपैकी गृह खात्याला 10,188 कोटी दाखवले होते. रुपयामागे साधारण सव्वातीन पैसे. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात पोलिसांचे मुख्य लेखाशीर्ष 2055, बांधकामांचे 4055. 2055 च्या पोटात गौण शीर्षे आहेत: गुन्हे अन्वेषण वेगळे, राखीव दल वेगळे, आधुनिकीकरण वेगळे, आणि 109 क्रमांकावर जिल्हा पोलीस. आपले बेला, जैनद, तामसी, इंद्रवेल्ली हे सगळे त्या 109 मध्ये. पुस्तक तिथेच थांबते. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांची रक्कम मिळून एक ओळ. त्यातले आदिलाबादला किती, बेल्याला किती, आणि का, हे सामान्य माणसाला त्या पुस्तकातून कळत नाही.

त्या ओळीतली बहुतांश रक्कम पगाराची असते. पगार मंजूर पदांवर ठरतो, पदे कधीतरी मंजूर झालेली असतात, आणि ज्या कारणांनी ती मंजूर झाली ती कारणे बदलली तरी पदे हलत नाहीत. पगार गेल्यावर उरतो तो किरकोळीतला पैसा: कागद, टोनर, वीज, टेलिफोन, गाडीची दुरुस्ती, प्रवासभत्ता. ठाणे खऱ्या अर्थाने चालते ते या पैशावर.

तेलंगणा राज्य झाल्यानंतर एक चांगला निर्णय झाला, तो मान्य केला पाहिजे. पूर्वी ठाण्याच्या रोजच्या खर्चासाठी ठोस रक्कमच नसे. ठाणेदार कुठूनतरी 'व्यवस्था' करीत, आणि ती कशी होत असे ते इथल्या व्यापारी मंडळींना मी सांगायची गरज नाही. नव्या सरकारने दरमहा रक्कम ठरवून दिली: हैदराबाद शहरातल्या ठाण्याला 75,000 रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणच्या ठाण्याला 50,000, आणि ग्रामीण ठाण्याला 25,000. देशात फार थोड्या राज्यांनी असे केले. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या क्रमवारीत पोलिसांच्या बाबतीत तेलंगणा पहिला आला, त्यामागे अशा निर्णयांचाही वाटा असणार.

पण हे तीन आकडे जरा जवळून बघू या. 25,000 ला तीसने भागले की दिवसाला 833 रुपये होतात. डिझेलचा हिशेब वेगळा, तो एसपी कार्यालयाच्या मोटार शाखेकडून. मग 833 मध्ये काय बसवायचे? पंचनाम्याचे कागद आणि झेरॉक्स. कोठडीतल्या माणसाचे जेवण. झाडूवालीचे पैसे. रात्री दोनला बेवारस प्रेत सापडले तर ते आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयाच्या शवागारात नेणारी गाडी, आणि तीन दिवस कुणी आले नाही तर लाकडे. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला तपासणीसाठी नेणे, त्यांना खायला काही देणे. एका दिवशी यातले काहीच नसते, एका दिवशी सगळे एकदम असते. कमी पडले की हवालदार खिशात हात घालतो. आणि मग तो हात दुसऱ्याच्या खिशाकडे कधी वळतो, ते लेखापरीक्षकाला कधीच दिसत नाही.

शहराला तिप्पट का? तिथे लोकसंख्या जास्त, गुन्हे जास्त, हे खरे. पण सध्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सात लाखांवर लोक आणि चार हजारांहून जास्त चौरस किलोमीटर प्रदेश आहे. हैदराबादच्या ठाण्याची हद्द पायी फिरून होते. आमच्या नारनूर-गादिगुडा भागात एका तंट्याची चौकशी म्हणजे अर्धा दिवस रस्त्यावर. अंतराला रुपयात मोजायची कुठलीच रीत 25,000 च्या आकड्यात नाही. केसलापूरच्या नागोबा जत्रेचे उदाहरण घ्या. पुष्य अमावास्येला मेश्राम कुळाची महापूजा होते आणि लाखांनी माणसे येतात; महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून. बंदोबस्ताला बाहेरून कुमक येते हे खरे, पण तिची सोय, रस्ते, हरवलेली मुले आणि नंतरच्या तक्रारी, हे सगळे इंद्रवेल्लीच्या ठाण्याच्या अंगावर. त्या ठाण्याचा वर्गही ग्रामीणच.

आता माझ्या खात्याची गोष्ट, थोडक्यात. तेलंगणा काय आणि जुना आंध्र काय, आपल्याकडे ट्रेझरीत एक शब्द सगळ्यांना पाठ आहे: फ्रीझिंग. तिजोरीत खडखडाट झाला की तोंडी निरोप येतो, पगार-पेन्शन सोडून बाकी बिले रोखा. बजेट रिलीज ऑर्डर निघालेली असते, टोकन नंबर पडलेला असतो, आणि बिल तसेच पडून राहते. एका उपकोषागारात असताना मी एका हवालदाराचे प्रवासभत्त्याचे बिल बघितले होते. कच्च्या कैद्याला कोर्टात नेऊन आणल्याचे. दोन माणसांचे बसभाडे आणि जेवण. रक्कम इतकी किरकोळ, की मार्च संपताना बिल परत गेले तेव्हा ते पुन्हा सादर करण्याचा खटाटोपही त्याने केला नाही. सरेंडर लीव्हच्या, म्हणजे न घेतलेल्या रजेच्या मोबदल्याच्या, रकमा पोलिसांना महिनोन्‌महिने मिळत नाहीत ही तक्रार तर उघड आहे. सरकारी खात्यांत उसनवारीवर चालणारे खाते कोणते, असे मला कुणी विचारले तर मी ठाण्याचे नाव घेईन.

दुसरीकडे, ऑगस्ट 2022 मध्ये, हैदराबादेत बंजारा हिल्सवर पोलिसांचे कमांड कंट्रोल सेंटर उभे राहिले. खर्च सुमारे 600 कोटी. इमारत देखणी आहे, कामाचीही असेल. तिथल्या पडद्यावर राज्यभरातले कॅमेरे दिसतात म्हणे. पण गावातले कॅमेरे कोणी बसवले, हे विचारा. 'नेनु सैतम', म्हणजे मीसुद्धा, या नावाने पोलिसांनी मोहीम काढली आणि व्यापारी, गृहनिर्माण संस्था, गावकरी यांच्याकडून वर्गणी घेऊन कॅमेरे लागले. लोकसहभाग म्हणून कौतुक झाले. मला त्यात दुसरे दिसते. वर्गणी जिथे निघते तिथेच कॅमेरा लागतो: बाजारपेठेत, सराफाच्या दुकानासमोर, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर. कोलाम आदिवासींच्या गुड्यावर वर्गणी कोण देणार? शिवाय ज्याने ठाण्याला कॅमेरा दिला, त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच ठाण्यात लिहायची आहे.

स्थानिक पैशाने पोलीस पोसायचे दुष्परिणाम दूरवरही दिसले आहेत. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावाबद्दल तिथल्या न्याय खात्याचा 2015 चा अहवाल आहे. नगरपालिकेचे उत्पन्न दंडातून यायचे, म्हणून पोलिसांचा जोर दंड वसुलीवर. आणि त्याखाली भरडले गेले गरीब कृष्णवर्णीय.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. इंग्रजांच्या 1861 च्या पोलीस कायद्यातले पंधरावे कलम बघा. एखाद्या भागात गडबड झाली की तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळला तो कायदा लागू होता. अलीकडे निजामाचे राज्य, इथे 1329 फसलीचा जिल्हा पोलीस कायदा. आणि जहागिरी 1949 मध्ये जाईपर्यंत बड्या जहागीरदारांचे पोलीस त्यांचे स्वतःचे.  

याच मातीतला एक वेगळा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे नेते कुमरम भीम पोलिसांच्या गोळीने मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये पाठवले. ते बंड का पेटले, हे त्यांनी शोधायचे होते. त्यातून जमिनीचे पट्टे वाटले गेले, मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी त्या काळात या जिल्ह्यात अधिकारी होते. गोंडी शिकले, गोंडांवर पुस्तक लिहिले. सरकार काही दयाळू नव्हते. पण गोळीबारानंतरचा काही पैसा जमिनीकडे आणि शाळेकडे गेला.

मग 20 एप्रिल 1981. इंद्रवेल्लीचा आठवडी बाजार, आदिवासी शेतकरी-मजुरांच्या गिरिजन रयतु कुली संघमची सभा, परवानगी नाकारलेली, आणि गोळीबार. सरकारी आकडा 13 मृत. लोक आजही त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. त्यानंतरच्या दशकात पैसा कुठे गेला? 1989 मध्ये ग्रेहाउंड्स दल उभे राहिले, हैदराबादेत तळ असलेले. जंगलात लढायला ते देशात नावाजले गेले. त्याची गरज नव्हती असे मी म्हणत नाही. पण इंद्रवेल्लीच्या ठाण्यात गोंडी समजणारा एक माणूस असणे, यावर किती खर्च झाला, ते मला कुठल्याही शीर्षाखाली कधी सापडले नाही.

ज्यांचे सोयरे पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात आहेत, त्यांना दुसरा फरक ठाऊक आहे. आपल्याकडे पोलीस पटेल, माली पटेल, पटवारी ही सगळी पदे 1984 मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने एका वटहुकमाने काढून टाकली. जुलमी पटेलांच्या आठवणी असलेल्यांनी तेव्हा फटाके उडवले, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. नदीपलीकडे मात्र 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याखालचा पोलीस पाटील आजही आहे. मार्च 2024 मध्ये त्याचे मानधन 6,500 वरून 15,000 रुपये झाले. एका काठावर गावातल्या एका माणसावर महिन्याला 15,000; दुसऱ्या काठावर चाळीस-पन्नास गावांच्या अख्ख्या ठाण्याला 25,000. ही तुलना अगदी काटेकोर नाही, मानधन आणि कार्यालयीन खर्च वेगळे. तरी पोलिसिंगचा पैसा गावात किती उतरावा याबद्दल एकाच नदीच्या दोन काठांवर दोन सरकारांची मते किती वेगळी आहेत ते त्यातून दिसते. केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या, सीमावादात अडकलेल्या चौदा गावांत, मुकदमगुडा-परांडोलीत, तर लोकांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदार याद्यांत आहेत. दोन शाळा, दोन रेशन, दोन सरपंच. चोरी झाली तर कुठल्या ठाण्याने यायचे, हा तिथला जुना विनोद आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. केंद्राकडून राज्याला जाणाऱ्या करांच्या वाट्याला सूत्र आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ते छापून दिले होते: दरडोई उत्पन्नातील अंतराला 45 टक्के वजन, लोकसंख्येला 15, क्षेत्रफळाला 15, वनांना 10, वगैरे, त्यातून तेलंगणाला 2.102 टक्के. कुणालाही पटो न पटो, गणित समोर आहे. राज्याकडून ग्रामपंचायतीला जाणाऱ्या पैशासाठी घटनेने राज्य वित्त आयोग सांगितला आहे. मधल्या मध्ये पोलीस ठाणे असे आहे की त्याच्या वाट्याचे गणित कुणी छापतच नाही. 75-50-25 हे तीन कप्पे झाले. त्याला सूत्र म्हणता येणार नाही.

सूत्र केले म्हणजे सगळे सुरळीत होईल असा माझा भ्रम नाही. इंग्लंडमध्ये 1995 पासून पोलीस दलांना सूत्राने अनुदान मिळते, आणि त्यावर तेव्हापासून भांडणे आहेत. 2015 मध्ये तिथल्या गृह खात्याने सूत्र बदलायला घेतले. डेव्हन आणि कॉर्नवॉल या दूरच्या, ग्रामीण भागातल्या पोलीस आयुक्त कार्यालयाने ते गणित स्वतः मांडून पाहिले, तर खात्याने चुकीची आकडेवारी वापरल्याचे निघाले. मंत्र्यांनी माफी मागितली, बदल गुंडाळले गेले. मला या गोष्टीत रस आहे तो एवढ्यासाठी, की राजधानीपासून लांब असलेल्या एका जिल्ह्याला सरकारची चूक पकडता आली, कारण गणित उघडे होते. आदिलाबादला ते कसे जमणार?

सूत्रात काय असावे यावर वाद घालू. नुसत्या गुन्ह्यांच्या संख्येवर पैसा दिला तर एफआयआर टाळणारे ठाणे उपाशी राहील, हे बरेच. पण खोटे गुन्हे फुगतील हेही आलेच. लोकसंख्या हवी, क्षेत्रफळ हवे, कोर्टापर्यंतचे आणि रुग्णालयापर्यंतचे अंतर हवे, जत्रा हवी. राज्याची सीमा हवी, कारण बोगस कापूस बियाणे, गांजा आणि जनावरांच्या गाड्या पैनगंगेच्या पुलावरूनच येतात-जातात. आणि 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले आहेत. झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे, सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी न्यायचे. कायदा दिल्लीने केला, मोबाइल हवालदाराचा आणि नेटपॅकही त्याचाच. होमगार्डचा दिवसाचा भत्ता 921 वरून 1,000 रुपये झाला, ठीक झाले. पण त्याला द्यायच्या पावसाळी कोटाचे काय, हे पुन्हा त्या 833 मध्येच.

2016 मध्ये एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले. कार्यालये वाढली, पाट्या वाढल्या. 2024 मध्ये नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीतून आदिलाबादचे नाव गेले तेव्हा राज्याने स्वतःहून एक पत्रक काढायला हवे होते: केंद्राची एवढी मदत थांबली, तिच्या जागी आम्ही एवढी देतो, अमुक ठाण्याला इतकी. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने 31 मार्च 2026 ही मुदत जाहीर केली होती. यादीच उरली नाही, तर तिच्यावर पोसलेल्या सगळ्या जिल्ह्यांपुढे हाच प्रश्न उभा राहील. शांततेच्या काळातल्या ठाण्याला किती पैसा लागतो, याचे उत्तर हैदराबादेने आदिलाबादपासून शोधायला सुरुवात करावी.

आपण काय करू शकतो, ते सांगून थांबतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम सांगते की प्रत्येक कार्यालयाने आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक यंत्रणेला किती तरतूद दिली आणि किती रक्कम प्रत्यक्ष वाटली, हे न मागता जाहीर करायचे आहे. जाहीर नसेल तर मागा. एसपी कार्यालयात अर्जाची फी 10 रुपये. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा तेलुगूत करा. कायदा इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा मानतो, मराठीवर अडून बसलात तर अर्ज परत येऊ शकतो. घरातली मुले तेलुगू शाळेत जातात, त्यांच्याकडून लिहून घ्या. मुख्य लेखाशीर्ष 2055, गौण शीर्ष 109, गेल्या तीन वर्षांची ठाणेनिहाय तरतूद, मिळालेली रक्कम आणि प्रलंबित बिले, एवढेच विचारा. आणि अर्ज देण्याआधी आपल्या ठाण्याच्या एसआयला भेटून सांगा, की हा अर्ज तुमच्याविरुद्ध नाही.